रक्तावरची साय

रक्त पांढरे असू शकते का, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर मी येथे लिहिणार आहे. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवताना मी त्याचे उत्तर ‘नाही’ असेच दिले.

मनीषनगरातल्या लॅबमध्ये नेहमीच्या वार्षिक तपासणीसाठी रक्त देऊन मी बाकावर बसले होते. अर्ध्या तासाने तिथली मुलगी नळी घेऊन बाहेर आली. नळीच्या तळाशी लाल थर होता आणि त्यावर दूध.

“काकू, उपाशी आल्या ना?”

“हो. आज चतुर्थी आहे.”

“तसं नाही वं काकू. पोटात काही गेलं का?”

“साबुदाण्याची उसळ. थोडीशीच.”

ती हसली. “हा उपास देवाले चालते, आमच्या मशीनले नाही चालत. बारा तास पाण्याशिवाय काही नको.”

मीही हसले. चूक माझीच होती. दोन दिवसांनी खरोखर रिकाम्या पोटी पुन्हा रक्त दिले. या वेळी ती हसली नाही.

तिने नळी टेबलावरच्या वर्तमानपत्राला टेकवली. वरचा द्रव स्वच्छ असेल तर त्यातून पलीकडची अक्षरे दिसतात. मथळा नळीपर्यंत आला, तेथे नाहीसा झाला आणि नळीच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू झाला.

अहवालात ट्रायग्लिसराइडपुढे १८४० हा आकडा होता. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून वाहणारी चरबी. रिकाम्या पोटी ती दीडशेच्या आत असावी. दोनशेपासून पुढे ती वाढलेली मानतात, पाचशेपासून पुढे अतिशय वाढलेली.

डॉक्टर म्हणाले, “हजाराच्या वर पॅन्क्रियाटायटिसची भीती असते. म्हणजे स्वादुपिंडाला सूज. पोट असह्य दुखतं, माणूस दगावूही शकतो. तुमच्या घरात कोणी पोटदुखीनं गेलं आहे का?”

“हो,” मी म्हणाले.

माझा थोरला भाऊ सावनेरला पोटदुखीने गेला. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दवाखान्यातून परतलेली आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. “त्याच्या नळीत रक्त नव्हतं वं. दूध होतं. खिडकीत ठेवून होती नळी.”

शेजारणी म्हणाल्या, करणी आहे. मी म्हणाले, “आई, रक्त लालच असतं. हिमोग्लोबिनमुळे.”

“तू पुस्तकात पाह्यलं,” ती म्हणाली, “मी नळीत पाह्यलं.”

त्यानंतर तिने तो विषय मरेपर्यंत काढला नाही.

डॉक्टर पुढे बोलतच होते. “ही नळी फ्रिजमध्ये ठेवली, तर उद्या तिच्यावर साय धरलेली दिसेल. हे पुष्कळदा घराण्यात असतं. मुलं किती तुम्हाला?”

मला एकच मुलगी. आई तिला मांडीवर घेऊन म्हणायची, “हे माह्या दुधावरची साय.” गेल्या वर्षभरात तिचे पोट दोनदा दुखले होते. ॲसिडिटीची गोळी देऊन आम्ही ते विसरून गेलो होतो.

डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या, मधुमेह आणि थायरॉइड तपासले, तूप-तेल अगदी थोडे ठेवले, साखर बंद केली. तीन महिन्यांत माझा आकडा ३२० वर आला. पण ते नंतरचे.

दुसऱ्याच दिवशी मी मुलीला लॅबमध्ये नेले. यंत्रातून फिरून आलेली तिची नळी मागून घेतली. चष्मा पुसला. नळी वर्तमानपत्राला टेकवली, पण लगेच पाहू शकले नाही.

“आई, पाहून घे ना आता,” मुलगी म्हणाली. “काय लिहून आहे?”

द्रव फिकट पिवळा होता. त्याच्या पलीकडे ‘पाणी’ एवढा शब्द होता. मी तो मोठ्याने वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

तिचा आकडा १८५ आला, म्हणजे अगदी सीमेवरचा. आता तीही जपते.

रक्त लालच असते. पण त्यात चरबी फार झाली, तर लाल पेशी खाली बसल्यावर वर दूध दिसते. माझ्या आईने ते पाहिले होते. मी न पाहता तिला उत्तर दिले होते. म्हणून माझी विनंती आहे की माझ्याही शब्दावर विसंबू नका. रिकाम्या पोटी रक्त द्या, अहवालातली ट्रायग्लिसराइडची ओळ शोधा, माझे आकडे आपल्या डॉक्टरांना विचारून पडताळा. जमल्यास नळीही मागून घ्या आणि स्वतः पाहा.