बोरगाव ते अकोला, दहा मैल

देवमन अमरावतीच्या तारघरात तारवाला होता. उन्हाळ्यात भर दुपारी लोक दारं लावून, पाणी शिंपडून घरात पडून राहायचे, तेव्हा हा डोक्याला दुपट्टा बांधून सरकारी सायकलवर बडनेऱ्याच्या वाटेला असायचा. ऊन त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पोहायला तो लहानपणीच शिकला होता, गावाबाहेर पेढी नदीच्या डोहात, म्हशींच्या संगतीनं. गावातल्या विहिरीवर तेव्हा त्याच्या वस्तीतल्या माणसांना पाय ठेवता येत नसे.

एकोणीसशे बासष्ट साली अमरावतीतल्या एका व्यायाम मंडळानं तिहेरी शर्यत जाहीर केली. पहाटे वडाळीचा तलाव पोहून जायचा, मग सायकलनं बडनेरा, मूर्तिजापूर करत बोरगाव गाठायचं आणि तिथं सायकल टाकून अकोल्यापर्यंतचे दहा मैल धावायचे. तारीख धरली एप्रिलच्या शेवटच्या रविवारची. देवमननं नाव दिलं. धम्मदीक्षेला सहा वर्षं होत आली होती, आणि मंडळाच्या वहीत त्याच्या वस्तीतलं ते पहिलंच नाव होतं.

शिवरात्र झाली अन् तालमीला सुरुवात झाली. शिकवायला रामराव वस्ताद होते. साठी उलटलेला, तुटक बोलणारा माणूस. एक दिवस नांदगाव पेठेपर्यंत धावत जाऊन परत यायचं, एक दिवस सायकलनं चांदूर बाजार. होळीनंतर वस्तादांनी वेळ पुढं ढकलली आणि पोरांना दहा-अकराच्या उन्हात काढायला लागले, अंगाला सवय व्हावी म्हणून. त्यांचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. धावताना पाण्याचा थेंब नाही.

"पानी पेलं का पोट डचमयते," ते म्हणायचे. "जीभ कोरडी पडली तं पडू द्या. मरत नाई कोनी."

देवमनची आई दुर्गाबाई जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करत आलेली. तिला हे पटलं नाही. तिनं जुन्या बाजारातून मिलिटरीतली एक पाण्याची बाटली आणली, जाड कापडाचं आवरण असलेली. त्यात ती गूळ, मीठ आणि लिंबू घालून पाणी भरून द्यायची. "तहान लागाच्या आंधी एक घोट घ्याचा," ती सांगायची. "अन् घाम यायचा थांबला का समज, मानूस गेला. म्या पाह्यलं हाये वावरात." सकाळी ताकातल्या कण्या आणि कांदा खाऊन तो निघायचा. वस्ताद दोनदा रागे भरले, मग त्यांनी त्याचा नाद सोडला.

वस्तादांचा लाडका होता सूर्यभान. नांदगाव पेठेजवळच्या किसनरावांचा एकुलता मुलगा. घरची काळी जमीन, घरचं दूधतूप, आणि तालमीत बारा वर्षं काढलेली. तो आणि देवमन जोडीनंच सायकल हाणायचे. सूर्यभान फार बोलत नसे. पण चढावर देवमन मागं पडला तर पॅडल थांबवून वाट पाहायचा.

एकदा नांदगाव पेठेला पोचल्यावर सगळे झाडाखाली धापा टाकत बसले होते. सूर्यभानचे ओठ पांढरे पडले होते. देवमननं बाटली पुढं केली. "घे लेका, दोन घोट."

सूर्यभाननं बाटलीकडं पाहिलं, मग आजूबाजूच्या पोरांकडं. "नको," म्हणाला आणि तोंड फिरवलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं. वस्ताद तिथंच उभे होते. देवमननं झाकण लावलं. काय समजायचं ते तो समजला आणि पुन्हा बाटली पुढं केली नाही.

शर्यतीच्या दिवशी बावीस जण तलावात उतरले. देवमन तिसरा बाहेर आला. सायकलवर त्यानं एकाला मागं टाकलं. सूर्यभान मात्र दिसेनासा झाला होता. साडेदहाच्या सुमारास देवमन बोरगावला पोचला तेव्हा सूर्यभान दहा मिनिटं आधीच धावायला लागला होता. मंडळाचा ट्रक तिथं थांबून सायकली चढवत होता.

बोरगाव सुटलं. गरम वारा अंगावर येत होता, रस्त्यावरचं डांबर चपलेला धरत होतं. देवमन दर मैलाला एक घोट घेत होता. तीनेक मैल गेल्यावर त्याला एका बाभळीच्या विरळ सावलीत सूर्यभान दिसला. पाय पसरून बसला होता, मान झाडाला टेकलेली. देवमन जवळ आला तसा त्यानं हात वर केला. बोलावलं की जा म्हणाला, ते कळलं नाही.

देवमनची चाल मंद झाली. सूर्यभानचा सदरा कोरडा ठक्क होता. हे त्याच्या डोळ्यांना दिसलं. कमरेची बाटली अर्धी भरलेली होती, हेही ठाऊक होतं. पण त्याच्या मनात आलं, हा माझ्या हातचं पिणार नाही. पुन्हा एकदा 'नको' ऐकायचं. मागून ट्रक येतोच आहे. चार पावलं तो रेंगाळला आणि पुढं निघाला.

अकोल्यात त्याला हार घातला, खांद्यावर घेतलं. तासाभरानं ट्रक आला. सूर्यभान मागं सायकलींच्या शेजारी निजवला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

देवमनला कोणी काही विचारलं नाही. ऊन लागलं, नशीब त्याचं, एवढंच लोक बोलले. तेरावं झाल्यावर तो स्वतःच किसनरावांच्या घरी गेला. ओसरीवर किसनराव होते, उंबऱ्याआड सूर्यभानची आई गोदाबाई. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सदऱ्याचं सांगितलं, बाटलीचंही.

"त्यानं पानी मांगतलं काय?" किसनरावांनी विचारलं.

"नाई. मी बी इचारलं नाई."

"काहून?"

"मले वाटलं, तो माह्या हातचं पेनार नाई."

आतून गोदाबाईचा आवाज आला. "बाप्पा, तो तं तुही बाटली पाहूनच आला होता. देवमनची माय करते तसं गूळ-मिठाचं पानी करून दे म्हने. मी रोज देओ. घरी घटाघट पेये. वस्तादाम्होरं मातर तोंड लावाची हिंमत नोती त्याची."

देवमन खाली बसला.

किसनराव म्हणाले, "तुले तसं वाटनारच. तुह्या बापाले आमी या ओसरीवर कधी पानी देल्लं होतं?" आणि अंगणाकडं बघत, "लोक तुले बोल लावनार नाईत, बाबू. मी लावीन. मले दुसरं कोनी सापडून नाई राह्यलं."

"लावा, काका," देवमन म्हणाला.

शर्यत पुन्हा कधी भरली नाही. पुढच्या होळीला देवमन तालमीत गेला. पोरांना पाणी पिऊ द्या, असं वस्तादांना तोंडावर सांगायचं, हे ठरवूनच गेला होता. तालमीला कुलूप होतं. रामराव वस्ताद पायरीवर बसले होते, दाढी वाढलेली, अंगात मळका सदरा.

"पोट्टे येत नाईत आता," ते म्हणाले. "त्यायच्या माया पाठवत नाईत."

ठरवून आणलेलं बोलणं देवमनच्या तोंडून निघेना. तो शेजारी टेकला.

"तुले दिसला होता नं तो?" वस्तादांनी खाली बघत विचारलं.

"हाव."

वस्तादांनी मान हलवली. ऊन पायरीवर चढेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले, मग देवमन उठून कामावर गेला.