कण्हेरीच्या फुलांचं पाणी
आमच्या दारातली कण्हेर आईनं विचार करून लावली होती. गल्लीत शेळ्या मोकळ्या फिरायच्या. गुलाब, मोगरा काही शिल्लक ठेवायच्या नाहीत. कण्हेरीला मात्र एकही शेळी तोंड लावत नसे, आणि देवाला बारा महिने गुलाबी फुलं मिळत.

शेजारच्या चाचींनी मांजर पाळलं, तेव्हा त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, "व्हय गं, ह्या झाडानं माझ्या मनीला काय होणार न्हाय न्हवं? तू शिकल्याली हाईस, म्हणून इचारतो."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही वनस्पतिशास्त्राची. निकालाच्या दिवशी आई कामावर होती. गल्लीत पेढे वाटले ते चाचींनी. कण्हेर विषारी असते हे मला पाठ होतं. तरी मी ठामपणे म्हणाले, "चाची, पान कडू असतं. शेळीसुद्धा खात नाही, मग मांजर कशाला खाईल?"

चाची बिनघोर झाल्या. आईचंच म्हणणं मी पदवीचा शिक्का मारून त्यांना दिलं होतं.

आई कागलच्या एमआयडीसीत एका कँटीनमध्ये सकाळच्या पाळीला जाते. पहाटे फुलं तोडायला सवड नसते, म्हणून ती संध्याकाळीच देठासकट कळ्या तोडायची आणि पाण्याच्या वाटीत घालून बाहेर पायरीवर ठेवायची. एका उन्हाळ्यात, दिवेलागणीला चाची मनीला पोटाशी धरून धावत आल्या. मनीच्या तोंडातून लाळ गळत होती, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. मी पायरीकडे बघितलं. वाटी निम्मी रिकामी, कळ्या तळाला बसलेल्या. तोडलेल्या देठाचा चीक पाण्यात उतरतो, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं.

"चाची, माझं चुकलं. ते पाणी..."

"चूक मागनं सांग! आदी रिक्षा बघ!"

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंय?"

"कण्हेर. पान नाही, फुलं ठेवलेलं पाणी प्यायलीय. आईनं वाटी ठेवली त्याला तासभर झाला असेल."

"एवढं नेमकं कोणी सांगत नाही," म्हणत ते कामाला लागले. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, पुन्हा पुन्हा छातीला नळी लावून ठोके ऐकले. दोन दिवस मनी तिथंच होती. तिसऱ्या दिवशी तिनं चाचींच्या हातून मासळीचा तुकडा खाल्ला, आणि चाची डॉक्टरांसमोरच रडल्या.

त्या रविवारी आईनं स्वतःच कुदळ घेतली. मी हातमोजे घातले, तिलाही घालायला लावले. त्या जागी जास्वंद लावायची आणि शेळ्यांसाठी भोवती जाळी घालायची ठरली. जास्वंद मांजराला चालते, हे यावेळी मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. कण्हेरीच्या फांद्यांचा ढीग बघून आई म्हणाली, "वाळल्यावर बंबात घालूया. चार दिवसाचं पाणी तापंल."

"नाही आई. हिचा धूरसुद्धा विषारी. पोत्यात बांधून कचऱ्याच्या गाडीवाल्याला सांगूनच द्यायचं."

"एवढ्या फांद्या वाया?"

कुंपणापलीकडून चाची ओरडल्या, "अगं, ऐक की तिचं! शिकवलंस कशाला मग?"

आईनं पोतं उघडून धरलं. मी फांद्या भरायला लागले.