सुकलालभाऊंचा कॅल्शियम रिअॅक्टर

रविवार, सकाळचे साडेअकरा. सुरतेजवळच्या डिंडोलीतली दहा बाय बाराची खोली. खिडकीखाली काचेची टाकी, टाकीत खारं पाणी, पाण्यात पाऊण इंचाचं एक हिरवं कोरल आणि समोर आम्ही तिघं. पंचवीस वर्षं बातमीदारी केली, मंत्र्यांच्या पत्रकार परिषदा झोडल्या. त्यांतला एखादा किस्सा सांगा म्हटलं तर डोकं खाजवावं लागतं. या खोलीतले मात्र नको म्हटलं तरी तोंडातून बाहेर पडतात. साठले तरी किती!

टाकी सुकलालभाऊंची. भाऊ मूळचे खानदेशातले, भेस्तानच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर. दुसरे भावसार सर, कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. तिसरा मी, भांडायला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. भाऊंची आधीची दोन कोरलं पांढरी पडून मेली होती. सरांनी निदान केलं, "पाण्यात कॅल्शियम नाही. कोरल जिवंत प्राणी आहे, हाड कशाचं बांधणार?" उपाय एकच, कॅल्शियम रिअॅक्टर. नळीत मेलेल्या कोरलचे खडे भरायचे, त्यांतून पाणी फिरवायचं, वर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. गॅसने खडे हळूहळू विरघळतात आणि ते पाणी थेंबाथेंबाने टाकीत पडतं. सुरतेत असलं यंत्र तयार मिळत नव्हतं. एकेक वस्तू निवडून जमवायची होती.

आणि वहिनींनी बजावलं होतं. त्या घरी पाटावर साड्या ताणून टिकल्या लावायचं काम करायच्या आणि उजेड फक्त टाकीच्या त्या खिडकीत. "हाई तिसरं बी मरनं, तं टाकी जाई नि आठे मना पाट येई. सांगी ठेवस!"

"मरणार नाही," भाऊ म्हणाले.

*

पहिली निवड पंपाची. मुंबईच्या डीलरने 'खास अमेरिकन' पंप पाठवला. भाऊंनी प्लग लावला. पंप दोन सेकंद फिरला, मग धूर. पंपाच्या पोटाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, एकशे दहा व्होल्ट!

मी तडक एसटीडी बूथवर गेलो. "अहो, हा पंप आपल्या लाइटवर चालत नाही!"

डीलर शांतपणे म्हणाला, "साहेब, पंप एकदम चांगला आहे. तुमची लाइट चुकीची आहे."

आयुष्यात अनेक पुढाऱ्यांना गप्प केलं. त्या दिवशी मी एसटीडीचं बिल भरून परत आलो! शेवटी देशी पंप घेतला.

*

नळी कशाची करायची यावर महिनाभर वाद चालला. सर म्हणायचे अॅक्रिलिक. भाऊंना ते नाव ऐकूनच हसू यायचं. मिलमध्ये ज्याला किंमत असते ते सगळं स्टीलचं असतं. प्लास्टिकची बादली शिपायाची. त्यांनी भंगारातून स्टीलचा पाइप आणला, कापला, वेल्डिंग केलं, पॉलिश मारलं. आरशासारखा! वहिनींनी त्यात बघून टिकली नीट केली.

तीन आठवड्यांत खाऱ्या पाण्याने पाइप आतून खाल्ला. टाकीत चहासारखं पाणी यायला लागलं. सर ओरडले, "भाऊ, कोरलला कॅल्शियम हवंय! तुम्ही लोह पाजताय!"

भाऊ म्हणाले, "मग काय झालं? बाळंतिणीला देतात की!"

दुसऱ्या दिवशी साइनबोर्डवाल्याकडून अॅक्रिलिकची नळी आली.

*

गॅस सोडावाल्या नटुभाईंकडून. सिलिंडर मिळाला, पण रेग्युलेटर? भाऊ म्हणाले, "वेल्डिंगचा आहे ना!" सरांना हवा होता सेकंदाला एखादा बुडबुडा. भाऊंनी नॉब हलवला आणि टाकीत वादळ आलं. मासे दगडामागे, कोरलने अंग आत ओढून घेतलेलं, आमचे तिघांचे शर्ट भिजलेले. सर पीएचची पट्टी शोधत धावले. भाऊंनी तोवर टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"सर, राहू द्या पट्टी. सोडा झालाय. मीठ जास्त आहे फक्त."

ते पाणी बदलायला अख्खा दिवस गेला. कोरल चार दिवस उमललं नाही. मग नटुभाईंकडून दुसरा भरलेला सिलिंडर आला आणि डीलरकडून बारीक सुईच्या झडपेचा रेग्युलेटर, गॅस किती उरला ते दाखवणाऱ्या मीटरसकट.

*

बुडबुडे मोजायला काय वापरायचं? सरांनी मेडिकलमधून सलाइनची नळी आणली. खिडकीत खिळा ठोकून लटकवली. झकास दिसत होती, तोच घोटाळा. गल्लीतून खिडकीत लटकलेली सलाइन दिसली आणि संध्याकाळपर्यंत बायकांची रांग! हातात नारळ, बिस्किटाचे पुडे.

"कोन आजारी शे वं?" शेजारच्या आक्का दारातच डोळे पुसत होत्या.

वहिनींनी टाकीकडे हात केला. आक्का टाकीसमोर बसल्या. बराच वेळ बघितलं आणि उठताना म्हणाल्या, "तरी मी म्हणे, कालदिन ह्याना रंग उतरेल व्हता."

नारळ परत नेला नाही. आजाऱ्याला आणलेलं परत नेत नाहीत.

*

आता शेवटचा किस्सा. पाच महिने झाले. भाऊ रोज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी बुडबुडे मोजायचे, वहिनी दर रविवारी टेपने कोरल मोजायच्या. कोरल वाढत होतं! टोकं जांभळी झाली, फांद्या फुटल्या. डीलर फोनवर म्हणाला, "आमचा रेग्युलेटर, साहेब!" सरांनी स्टाफरूममध्ये त्यावर भाषण दिलं.

एका रविवारी सकाळी नटुभाई सिलिंडर बदलायला आले. उचलला आणि खाली ठेवला.

"भाऊ, आ तो भरेलो छे!"

आम्ही हसलो. त्यांनी समोरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तो चढवला. पाच महिन्यांपूर्वी आणला होता तेवढ्याच वजनाचा भरला. वाकून बघितलं तर सिलिंडरच्या मुख्य कॉकवर त्यांनी चिकटवलेली कागदी पट्टीसुद्धा फाटलेली नव्हती.

"कॉक कोणीच उघडला नाही?" मी विचारलं.

भाऊ म्हणाले, "मी फिटर. फिटर जोडतो, कॉक ऑपरेटर उघडतो. मिलमध्ये फिटरने कॉकला हात लावला तर मेमो मिळतो. इथे ऑपरेटर सर!"

"मी?" सर उडालेच. "मला वाटलं जोडणारा उघडतो!"

मग रोज मोजले ते बुडबुडे? सैल सांध्यातून पंप साधी हवा ओढत होता. आणि मीटर? त्याचा काटा डब्यातून काढला तेव्हापासून पन्नासवर चिकटलेला.

म्हणजे पाच महिने गॅस नाही. गॅस नाही तर खडे विरघळलेले नाहीत. मग कोरल वाढलं कशावर? मी सरांना विचारलं. सर पुन्हा पीएचची पट्टी शोधायला लागले. डीलरला तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. नटुभाई म्हणाले, "हुं तो सोडावाळो छुं!"

वहिनींनी त्या रविवारीही टेप लावला. कोरल सव्वादोन इंच भरलं.