दारातल्या लाल अक्षता

चित्रलेखा परदेशात, क्लेटनमध्ये, राहत्या घरीच चार मुलांचं पाळणाघर चालवतात. त्याआधी साताऱ्याला त्यांनी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलाने, सारंगने, एका आवारातल्या जोडघरांपैकी एक युनिट घेतलं तेव्हा वास्तुशांत व्हिडिओ कॉलवर झाली. गुरुजींनी अक्षता घराभोवती टाकायला सांगितल्या. घराभोवती म्हणजे इथे सगळ्यांचा मिळून एकच ड्राइव्हवे. चित्रलेखांनी कुंकवाने लाल केलेले तांदूळ त्यावरून टाकत नेले.

दुसऱ्या सकाळी शेजारच्या नीलने युनिटवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं: कुणीतरी ड्राइव्हवेवर उंदीर मारायचं विष ‘स्ट्रू’ केलंय, माझा कुत्रा उलट्या करतोय.

“स्ट्रू म्हणजे स्कॅटरच ना?” सारंगने विचारलं.

“अगदी तेच नाही. कोंबड्यांना दाणे फेकतो ते स्कॅटर. वादळानंतर फांद्या रस्ताभर पडलेल्या असतात, तिथे स्ट्रू. फुलं अंथरली तरी चालतं, पण हा फुलांबद्दल बोलत नाहीये.”

“आई, कुत्रा आजारी आहे आणि तू तास घेतेयस.”

“‘स्ट्रू’ म्हणून तो मला बेफिकीर म्हणतोय. वर कळवलं तर पाळणाघराची नोंदणी जाईल माझी.”

त्या स्वतःच नीलकडे गेल्या. त्याने दाणे वेचून प्लास्टिकच्या पिशवीत भरले होते. तांदूळच आहेत, त्यांनी सांगितलं. मग लाल कशाने, त्याने विचारलं. कुंकवाने, ते हळदीपासून करतात. तसं पाकिटावर लिहिलंय का?

सारंगने पाकीट आणलं. त्यावर देवीचं चित्र होतं, दुकानाची चिठ्ठी होती. आत काय आहे ते कुठेच नव्हतं. “नो वरीज,” नील म्हणाला आणि पिशवी खिशात घातली.

“आपण हे कपाळाला लावतो, एवढं तरी सांगायचंस,” घरी आल्यावर सारंग म्हणाला.

“मागच्या आठवड्यात वाढदिवसाला ओवाळलं, तेव्हा चौघा मुलांनाही लावलंय.”

सारंगने पाकीट उजेडात धरून पुन्हा पाहिलं. “नक्की कशाचं असतं गं हे?”

चित्रलेखांनी फोन उचलला. आधी मुलांच्या आईवडिलांना फोन केले, मग पाळणाघरांची नोंदणी करणाऱ्या कचेरीला. नीलने कळवण्याआधी आपण सांगितलेलं बरं, असा हिशेब त्यात होताच.

तपासणीला कचेरीतल्या बाई आल्या तोवर कुत्रा खायला लागला होता. उलट्या कशाने झाल्या ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. नोंदणी राहिली, एका अटीवर. देवघरातला कुंकवाचा करंडा आता फिनेलच्या बाटल्यांशेजारी, कुलपाच्या कपाटात असतो. मुलं गेल्यावर चित्रलेखा तो काढतात, कपाळाला लावतात आणि साबणाने हात धुतात.

नील अजूनही त्यांच्या दारावरून जाताना कुत्र्याला उचलून घेतो.