कधीपासून दुखते आहे?

तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात मी तेव्हा शिफ्ट इनचार्ज होतो. रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसने पनवेलला परतत असताना, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, माझ्या छातीत दुखू लागले. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण दर तासाला दाब आणि तापमान वहीत उतरवण्याची सवय अंगात मुरली होती. कळ आली तशी नजर आधी मनगटावर गेली.

दुखणे कसले आहे, हेही मला ठाऊक होते. नव्या कामगारांना प्रथमोपचार मीच शिकवत असे. छातीवर दडपण, डाव्या हातात कळ, थंड घाम, एवढे दिसले की कुणाला विचारत बसू नका, गाडी बोलवा, असे मी त्यांना बजावी. शेजारचा सहकारी खिडकीला डोके टेकून झोपला होता. त्याला उठवावेसे वाटले. मग वाटले, रात्रभर राबला आहे, झोपू दे. माझ्या थांब्यावर उतरलो, तीन जिने चढलो आणि दार लावून पडून राहिलो.

पत्नीला जाऊन तीन वर्षे झाली होती. मुलगी पुण्यात नोकरीला होती. मधल्या काळात मला जे झाले त्याला डॉक्टरांनी नैराश्य म्हटले आणि गोळ्या दिल्या. दिवाळीनंतर कुणाला न सांगता त्या मी बंद केल्या. कामावर मी चोख होतो. घरी मात्र दूध उतू गेले तरी उठवत नसे. मला मरायचे होते असे म्हटले तर ते खोटे ठरेल. मरणाचा विचारही त्या सकाळी आला नाही. रिक्षा बोलावणे, कपडे बदलणे, कुणाला तरी 'मला बरे वाटत नाही' असे सांगणे, हे सारे दुसऱ्या कुणासाठी मी धावत केले असते. स्वतःसाठी तेवढी यातायात करावी, हेच मनाला पटेना. कारखान्यात पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नसते. मी पडल्या पडल्या जणू त्याचीच वाट पाहत होतो. कुणीतरी येईल आणि हे शरीर माझ्याकडून ताब्यात घेईल.

अकराच्या सुमारास बेल वाजली. समोरच्या घरातले चाचा होते, कुवेतमध्ये उमेदीची वर्षे काढून परतलेले कोकणी मुसलमान गृहस्थ. त्यांची पत्नी अधूनमधून मला जेवण पाठवी.

"साहेब, डबे द्या आमचे. तीन-तीन अडकवून ठेवलेत. बेगम म्हणते, आता तुम्हाला सालन पाठवायचं तर बादलीतून पाठवावं लागेल."

न धुतलेले डबे मी तसेच दारातून पुढे केले.

"घाम केवढा आलाय! तबियत ठीक आहे ना?"

"ॲसिडिटी आहे, चाचा. झोपलो की जाईल."

ते गेले. एक वाजता पुन्हा आले, आणि मी कडी काढताच सरळ आत शिरले.

"खुदाच्या वास्ते, आरसा बघा! ॲसिडिटी मलाही होते. मी बायकोशी भांडतो, अशी भिंत धरून उभा राहत नाही. चला, शर्ट घाला."

"संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी मी कुणाला बघू? चला म्हणतो ना!"

रुग्णालयात तरुण डॉक्टरने ईसीजीची पट्टी पाहत विचारले, "कधीपासून दुखतंय?"

"बारा वाजल्यापासून," मी म्हणालो.

वहीतला राहून गेलेला आकडा मागाहून अंदाजाने भरणाऱ्या ऑपरेटरांना मी आयुष्यभर फैलावर घेतले होते. लाजेपोटी मी तेच केले.

"पण अकराला मी गेलो तेव्हा तर..." चाचा बोलता बोलता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण तेव्हाच आत का शिरलो नाही, याची टोचणी त्यांना लागली होती. माझा अपराध ते स्वतःच्या डोक्यावर घेऊ पाहत होते, आणि ते मला सोसवेना.

"सात दहा," मी म्हणालो. "सकाळी."

डॉक्टरने मान वर केली. "सहा तास घरी काय करत होता?"



जीव वाचला. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा दुबळा झाला. वेळेत आला असतात तर तोही वाचला असता, असे मोठ्या डॉक्टरांनी नंतर सौम्यपणे सांगितले.

एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. त्या सकाळी नऊ वाजता मुलीचा फोन आला होता. रात्रपाळीवरून मी नीट घरी पोहोचलो का, हे ती नेहमी विचारी. दुसऱ्या दिवशी खाटेशेजारी बसून ती म्हणाली,

"बाबा, मी फोन केला तेव्हा दुखत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, मस्त आहे, आता झोपतो."

"हो."

ती रडली नाही. माझ्या अंगावरची चादर उगीच सारखी करत राहिली.

गोळ्या मी पुन्हा सुरू केल्या, आजही घेतो. तिचा फोन अजून रोज येतो. मी बरा आहे असे सांगतो, आणि ते खरेही असते. पलीकडे ती क्षणभर गप्प राहते. माझा श्वास ऐकत असावी. तिचे ऐकून होईपर्यंत मीही काही बोलत नाही.