पट्टी कुणी बघितली?

म्हात्रे गेल्याचं मला त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, फोन करून सांगितलं. सकाळची वेळ होती, मी ओट्यापाशी गवार मोडत उभी होते. "ताई, हे गेलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढे नुसता त्यांचा श्वास ऐकू येत राहिला. अशा वेळी माणसं कधी, कसं असं काहीतरी विचारतात. माझ्या तोंडून निघालं, "दुखत होतं का?" वहिनी म्हणाल्या, "नाय... शेवटाला नाय दुखला. निजल्यालं तसंच गेलं." मला बरं वाटलं, अगदी मनापासून. आणि फोन ठेवून पुन्हा शेंग हातात घेतली तेव्हा रागही आला, जुना, ओळखीचा. म्हात्र्यांना शेवटी दुखलं नाही. माझ्या वडिलांना दुखलं होतं, आणि ते म्हात्र्यांमुळे. काही आठवडे उलटून गेले, पण बरं वाटणं आणि राग येणं ही दोन्ही अजून मनात शेजारी शेजारी बसून आहेत, कुणी उठायचं नाव घेत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

हिराजी म्हात्रे आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सुरक्षा अधिकारी होते. मी तिथे रसायनतज्ज्ञ, अजूनही आहे. अणुभट्टीतून शिशाच्या जाड पेटीत किरणोत्सारी माल आमच्याकडे येतो आणि आम्ही त्याची औषधं करतो. शिशाच्या विटांची भिंत, तिच्यामागे काचेचं बंद कपाट, आणि बाहेरून चालवायचे लांब चिमटे... आमचा स्वयंपाक हा असा. त्यातलं एक औषध कर्करोग हाडांत उतरलेल्या माणसांसाठी असतं. रोग त्याने बरा होत नाही, पण दुखणं कमी होतं, माणूस कुशीवर वळू शकतो, दोन घास खाऊ शकतो. हे औषध साठवता येत नाही. दोन दिवसांत त्याची ताकद निम्म्यावर येते. सोमवारी केलेलं त्याच आठवड्यात कुणाच्या तरी शिरेत गेलं पाहिजे, नाहीतर फुकट. आणि म्हात्रे "चालू करा" म्हणेपर्यंत चिमट्याला हात लावायचा नाही, असा नियम होता.

हे "चालू करा" म्हणण्याआधी म्हात्रे एक गोष्ट करायचे. कपाटाला माल आत सरकवायचं एक लहान दार असतं. त्या दारातून हवा सतत आत ओढली गेली पाहिजे, बाहेर येता कामा नये. बाहेर आली तर आतलं काय काय आमच्या नाकातोंडात. हे पाहायला भिंतीवर चांगला मीटर होता. म्हात्रे मीटर बघायचे, मान डोलवायचे, आणि मग खिशातून टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी काढून दाराच्या वरच्या कडेला चिकटवायचे. पट्टी आत झुकली की हवा आत जाते आहे. पडून राहिली तर नाही. पोरं त्यांना पट्टीवाले साहेब म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. कॅन्टीनमध्ये कुणीतरी मुद्दाम पेपर नॅपकिन फाडून त्यांच्यासमोर आपल्या चहावर धरायचं, "साहेब, वाफ वर चालली, पिऊ का?" म्हात्रे शांतपणे म्हणायचे, "पी. पण हात धुतलेस का?" खाडीकाठच्या गावातला माणूस, वडिलांचं मिठागर होतं. तिथे म्हणे काठीला फडकं बांधून वारा बघत, यंत्राला काय, कुणीही खोटं बोलायला शिकवू शकतं, फडक्याला येत नाही. हे ते इतक्यांदा सांगायचे की मिठागराचा विषय निघाला की आम्ही डबे उचलून टेबल बदलायचो.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हाडांचं दुखणं सुरू झालं ते वर्ष मला विसरता येत नाही. आबा मूळचे साताऱ्याकडचे. बाजारात माथाडी म्हणून उभी हयात गेली, पाठीवर गोण्या वाहून चार पोरं शिकवली. दुखण्याबद्दल बोलायची त्यांना सवयच नव्हती. तो माणूस कामोठ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पडून उशी दाताखाली धरायचा. मॉर्फिनने गुंगी यायची, दुखणं थांबायचं नाही. डॉक्टरांनी आमचंच औषध लिहून दिलं. मी आबांना सांगितलं, "आबा, सोमवारी मी माझ्या हाताने करणार आहे. तुमचं." ते हसले होते. "हातचं करून घालशील म्हन की," म्हणाले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा हसले होते.

सोमवारी मी गाऊन, मोजे, मास्क चढवून तयार होते. माल आला होता. मीटरवर आकडा बरोबर होता. म्हात्र्यांनी पट्टी चिकटवली आणि ती पडून राहिली. त्यांनी ती काढून दुसरी लावली, मग तिसरी. मी शेजारीच उभी होते. ती जरा हलल्यासारखी वाटली, मग वाटलं की माझ्याच श्वासाने हलली असेल. हलली की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. चिमट्यांपाशी बसलेला पोरगा म्हणाला, "साहेब, मीटर ओके दाखवतोय." म्हात्रे म्हणाले, "बंद करा." मी म्हटलं, "म्हात्रे, आज माझ्या वडिलांचं आहे." त्यांना ते माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जाधवबाई, बाजूला व्हा." आणि त्यांनी शिशाचा दरवाजा ओढून घेतला. रुग्णालयांना फोन गेले. माल तिथेच पडून मावळला. पुढच्या आठवड्यापासून भट्टी दुरुस्तीसाठी बंद होणार होती, त्यामुळे पुढचं औषध जवळजवळ महिन्याने. डॉक्टरांनी आबांना तेवढे दिवस दिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं, तर म्हात्रे उभे. मी आत या म्हटलं नाही. ते चप्पल काढून आपण होऊन आबांच्या खोलीत गेले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाबा, तुमचं औषध मी थांबवलं. हवा उलटी होती. आत काम करणाऱ्यांना लागली असती. तुमची मुलगी पण होती त्यात." मला वाटलं आबा काहीतरी बोलतील. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. म्हात्रे बराच वेळ बसून राहिले आणि गेले. पुढच्या दिवशी परत आले, त्याच्या पुढच्याही. ऑफिस सुटलं की थेट आमच्याकडे, हातात कधी शहाळं, कधी काहीच नाही. आबा भिंतीकडे वळायचे, म्हात्रे खुर्चीत बसायचे. मी चहा करत नसे. एकदाच आबा बोलले, भिंतीकडे बघतच. "आता तरी वारं सरळ झालं का?" तिकडे कपाटातली हवा ओढणारा पंखा उघडून तपासणी चालली होती आणि त्यात काहीच सापडत नव्हतं.

शेवटपर्यंत सापडलं नाही. पंखा ठीक, फिल्टर ठीक, मीटर तर ठीकच. चौकशी समितीने म्हटलं, खाडीकडच्या दमट हवेने कागद जड झाला असावा. हातात मीटर असताना कागदावर विसंबणं अशास्त्रीय आहे. पट्टी बंद. तोवर आबा गेले होते. कसे गेले ते मी लिहिणार नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी त्या दोन दिवसांत आपल्या नातवंडांना घेऊन लेकीकडे राहायला गेल्या होत्या, एवढ्यावरून समजून घ्यावं. दहाव्याला म्हात्रे आले, लांब उभे राहिले. मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलले. लोक म्हणतात, त्यांनी तुझा जीव वाचवला असेल. असेल. मी त्यांना वाचवा म्हटलं नव्हतं.

म्हात्र्यांची बढती त्यानंतर हुकली. ते रोज सकाळी नवी पट्टी लावायचे, संध्याकाळी कुणीतरी ती वरून आलेल्या हुकमाप्रमाणे काढायचं. दोन्हीकडून हट्ट. निवृत्त व्हायच्या सुमारास एकदा आम्ही दोघंच बेलापूरच्या स्टेशनकडे चालत होतो, तेव्हा मी विचारलंच. "तुम्हाला त्या दिवशी खात्री होती?" ते म्हणाले, "नव्हती." मी थांबले. इतकी वर्षं मी त्यांच्या खात्रीवर चिडून होते आणि हा माणूस म्हणत होता की खात्री नव्हती. "मग?" मी म्हटलं. "खात्री असती तर माझी काय गरज? मग कुणीपण थांबवतं," ते म्हणाले. थोडं पुढे जाऊन पुन्हा म्हणाले, "मी चुकलो असलो तर बाबांचे हाल माझ्या डोक्यावर. चुकलो नसलो तरी माझ्याच डोक्यावर. फरक काय पडतो?" मला वाटलं होतं, ते माफी मागतील. मागितली नाही, आणि त्याचाही मला राग आला. पण त्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलायला लागलो.

मग त्यांनाच झालं. प्रोस्टेटचं, तिथून हाडांत. सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाचं नाव त्यांना धड वाचता येईना. मी म्हटलं, वहिनी, कळलं मला. ते औषध माझ्याच खात्यात बनतं, आता तर मीच खात्याची प्रमुख. त्या सोमवारी मी लवकर गेले. मीटर नवे आलेत आता, काही बिघडलं की आवाज करतात. मी टिश्यू पेपरची पट्टी फाडली आणि दारावर चिकटवली. म्हात्र्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, ती म्हणाली, "मॅडम, हे काय?" मी म्हटलं, "राहू दे जरा." आणि त्या पट्टीकडे बघत उभी राहिले. पट्टी हळूहळू आत झुकली आणि तशीच राहिली. औषध झालं, वेळेवर गेलं.

संध्याकाळी मी रुग्णालयात गेले ती नुसती भेटायला. म्हात्रे ओळखू येत नव्हते. पलंगाची दांडी त्यांनी अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. वहिनी पायाशी बसल्या होत्या. डॉक्टर शिशाच्या आवरणातली सिरिंज घेऊन आले, तेव्हा म्हात्रे म्हणाले, "थांबा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जाधवबाई, पट्टी कोनी बगितली?" ऑफिसात ते कधी असं बोलायचे नाहीत, दुखण्याने त्यांना गावच्या बोलीत नेऊन सोडलं होतं. मी म्हटलं, "मी." "तुमी सोता?" "मी स्वतः." "कुठं गेली?" "आत." डॉक्टर आमच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हात्र्यांनी दांडीवरचा एक हात सोडवला, त्याला वेळ लागला, आणि तो पुढे केला.

मी वेगळं उत्तर दिलं असतं तर त्यांनी हात पुढे केला नसता, याबद्दल मला शंका नाही. पण त्याहून वाईट गोष्ट मला त्या पलंगाशेजारी कळली. सकाळी ती पट्टी पडून राहिली असती, तर हा माणूस इथे दांडी धरून तळमळतो आहे हे माहीत असूनही मी "बंद करा" म्हटलं असतं. त्या पट्टीकडे बघत उभी होते तेव्हाच ते ठरलेलं होतं. म्हणजे मी म्हात्र्यांच्या जागी असते तर आबांचंही थांबवलं असतं. हे कळून मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. घरी येऊन आबांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि मग जेवायला वाढून घेतलं.

औषधाने म्हात्र्यांना आठवड्याभरात आराम पडला. त्यांनी वहिनींकडून खाडीतल्या निवट्यांचं कालवण करवून घेतलं, दोन घास खाल्ले, कुशीवर वळून झोपले. तसेच गेले.

पट्टी आता मी रोज लावते. अजून कुणी काढली नाही, बहुधा माझं केस पिकलेलं डोकं बघून. परवाच्या सोमवारी तिने त्रास दिला. लावली आणि पडून राहिली. चिमट्यांपाशी बसलेला पोरगा नवा आहे, तो म्हणाला, "मॅडम, मीटर ओके आहे." मी म्हटलं, "थांब." सगळे थांबले. कुठल्यातरी घरात कुणीतरी उशी दाताखाली धरून आमची वाट बघत असणार, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. भिंतीकडे तोंड केलेला आवाज मला स्पष्ट ऐकू आला, आता तरी वारं सरळ झालं का... पट्टी पडूनच होती. मी ती काढली, दुसरी लावली. तीही तशीच. मग मी म्हटलं, "बंद करा," आणि शिशाचा दरवाजा ओढून घेतला. गाऊन उतरवला, हात धुतले, आणि रुग्णालयाला फोन करून ज्याचं औषध थांबलं त्या पेशंटच्या घरी मला जाऊन भेटता येईल का, असं विचारलं.