नुसत्या भिंतीचा फोटो

दत्तोपंतांच्या फोटो स्टुडिओत कुणीही आलं, तरी फोटो एकाच तऱ्हेचा निघायचा. मागं खांब रंगवलेला पडदा आणि बरोबर मधोमध माणूस, त्या खांबासारखाच ताठ. श्रीरामपूरच्या स्टेशनाजवळ पंतांचा हा धंदा बरा चालला होता आणि गिऱ्हाइकांनाही तसाच फोटो हवा असायचा. वैताग यायचा तो फक्त त्यांच्या बायकोला, प्रेमलाबाईंना.

लढाई पेटली आणि ज्यांच्यावर फोटो घ्यायचे, त्या काचा मिळेनाशा झाल्या. स्टुडिओत माश्या मारायची पाळी आली, तेव्हा प्रेमलाबाईंनी एका फुटक्या पाटीचे तुकडे काढून टाकले आणि उरलेली लाकडी चौकट डोळ्यासमोर धरून त्या घरभर हिंडू लागल्या.

"एवढी हौस आहे तर तुला एक कोडं घालतो," पंत थट्टेनं म्हणाले. "तांब्या दाखव, पण मधोमध नको."

थट्टा त्यांच्याच अंगाशी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई चौकट घेऊन हजर, "आज काय?" मग रोजचंच झालं. कधी माणूस दाखव पण चेहरा नको, कधी ऊन दाखव पण आभाळ नको. बाई चौकट धरायच्या, पंत एक डोळा मिटून बघायचे आणि "पुन्हा" म्हणायचे. "वा" म्हणायला त्यांची जीभ भारी जड. काच खर्ची पडत नव्हती, त्यामुळं सगळं सुखात चाललं होतं. पण एकदा तरी आपल्या हातून खरा फोटो निघावा, या इच्छेनं बाईंच्या मनात घर केलं होतं.

अशात देवळाली प्रवराहून साळूबाई बैलगाडीनं आल्या. त्यांचा मुलगा गोरक्ष पलटणीत होता, ब्रह्मदेशाकडं निघाला होता. आईचा फोटो धाडा, असं त्यानं कळवलं होतं. स्टुडिओत एकच काच उरली होती. पंतांनी काळं कापड डोक्यावर घेतलं आणि इकडं साळूबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"बाप्या मानूस डोळा लावून बघतोय. मला न्हाई जमायचं, वैनी."

"मी काढते," प्रेमलाबाई म्हणाल्या.

पंतांनी शेवटच्या काचेकडं बघितलं, मग बायकोकडं. "मधोमध घे. आज कोडीबिडी नकोत," असं बजावून ते बाहेर गेले.

मागच्या अंगणात उजेड चांगला होता. साळूबाई बाकाच्या अगदी टोकाला बसल्या. बाईंनी त्यांना मधे सरकवलं, पण कॅमेरा लावेपर्यंत त्या पुन्हा टोकाला.

"घरी वट्यावर शेजारी गोरक्ष बसतो," त्या ओशाळून म्हणाल्या. "अंगच सरकतं बगा."

प्रेमलाबाईंनी पाटीची चौकट डोळ्याला लावली. एका टोकाला साळूबाई, मग रिकामा बाक आणि मागं भिंत. काच वाया गेली तर दुसरी कधी मिळेल कोण जाणे, आणि तोवर पोरगा कुठं असेल! पण त्यांनी साळूबाईंना सरकवलं नाही. तसाच फोटो घेतला.

फोटो छापून वाळला, तसे पंत चिडले. "अगं, अर्धा फोटो भिंतीचाच! लोक हसतील." त्यांनी कात्री उचलली.

"कापू नका. साळूबाई म्हणाल्या तर मी स्वतः कापते."

बोलून तर गेल्या, पण साळूबाई फोटो न्यायला येणार त्या बाजाराच्या दिवसापर्यंत त्यांना घास गोड लागला नाही.

साळूबाई आल्या. फोटो दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. कात्री पंतांच्या हाताशीच होती.

"त्याची जागा ठिवली व्हय," त्या हळूच म्हणाल्या आणि रिकाम्या बाकावर बोट फिरवलं. "कळंल त्याला. वाट बगतीया म्हनंल."

पंतांनी कात्री खणात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नेहमीसारखं "आज काय?" विचारलं. पंतांनी खुंटीवरची चौकट स्वतःच काढून घेतली.

"आज कोडं मला घाल."

बाईंनी जरा विचार केला. "भिंत दाखवा. नुसती भिंत. पण तिथून कुणीतरी आत्ताच उठून गेलंय, असं वाटलं पाहिजे."

पंत अंगणात गेले ते जेवायच्या वेळेपर्यंत तिथंच. अखेर त्यांनी हाक मारली. प्रेमलाबाई हात पुसत आल्या, एक डोळा मिटून त्यांनी चौकटीतून नीट बघितलं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.